प्रलयानंतरचं मीठ

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्राखाली भूकंप झाला, तेव्हा त्याच्या केंद्रापासून अगदी जवळ सिमेउलुए नावाचं बेट होतं. बेटाच्या उत्तर टोकाला पहिली लाट काही मिनिटांत येऊन धडकली. तेवढ्या वेळात कुठली सरकारी सूचना पोचणं शक्यच नव्हतं. बेटाची वस्ती सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार, आणि त्यातली माणसं दगावली सात. १९०७ साली तिथे अशीच लाट आली होती आणि वाचलेल्यांनी तिला ‘स्मोंग’ असं नाव देऊन गाण्यांत, गोष्टींत घालून ठेवलं होतं. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळायचं, एवढाच त्या गोष्टींचा गाभा. सत्त्याण्णव वर्षांनी, ती पहिली लाट पाहिलेलं जवळजवळ कुणी उरलेलं नसताना, लोक पळाले.

पुराणकथांच्या आधारे प्रलयोत्तर फँटसी लिहायला बसणाऱ्याने, विशेषतः चौदा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी लिहिणाऱ्याने, हे बेट डोळ्यांसमोर ठेवावं असं मला वाटतं. कारण या प्रकारच्या बहुतेक हस्तलिखितांत पुराण येतं ते दागिन्यासारखं. तलवारीला एखाद्या अस्त्राचं नाव, खलनायकाला एखाद्या असुराचं, आणि नायिकेच्या हातातून वीज. उद्ध्वस्त शहर पुराणाशिवाय उभं राहू शकतं आणि पुराण त्या शहराशिवाय. दोन्ही एकमेकांना फक्त चिकटवलेली. याउलट पुराणकथा म्हणजे कारण विसरलं गेलेली सूचना असं धरलं, तर प्रलय आणि पुराण एकाच धाग्यात येतात. मोठ्यांनी मुलांच्या हाती दिलेली आज्ञा आणि तिचं हरवलेलं कारण, यांतलं अंतर हाच कादंबरीचा विषय होतो. आणि सोळाव्या वर्षी माणूस दुसरं करतो तरी काय? प्रत्येक आज्ञेला ‘का?’ विचारतो.

मग पहिला निर्णय घ्यायचा तो वर्षांचा. प्रलय होऊन किती काळ लोटला? पाच वर्षं म्हटली तर नायिकेला आधीचं जग नीट आठवतंय. ती शोककथा होईल, पुराण तयार व्हायला अजून वेळच मिळालेला नाही. तीनशे वर्षं म्हटली तर भाषा इतकी बदललेली असेल की पाटीवरचं अक्षरही कुणाला लागणार नाही. ते करता येतं, पण जड जातं. महाभारतानेच एक हिशेब घालून दिलाय: युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी यादवांचा नाश होतो आणि युद्धाच्या वेळी आईच्या पोटात असलेला परीक्षित त्याच सुमारास गादीवर येतो. म्हणजे कुरुक्षेत्र फक्त ऐकलेली एक अख्खी पिढी तोवर कर्ती झालेली आहे. यान आसमान या अभ्यासकाने घरगुती, तोंडी आठवणीचं आयुष्य ऐंशी ते शंभर वर्षं धरलंय, म्हणजे तीन-चार पिढ्या. त्यापुढे आठवणीला विधी, गाणं, दगड, उत्सव असा काहीतरी आधार लागतो, नाहीतर ती जाते. माझं मत नव्वदच्या बाजूने. नव्वद वर्षांत आठवण संपत आलेली असते आणि पुराण नुकतं घट्ट होत असतं. प्रलयाच्या वेळी पाच वर्षांची असलेली एखादी पंच्याण्णव वर्षांची म्हातारी कथेत ठेवता येते. फक्त तिला सर्वज्ञ करू नये. पाच वर्षांच्या मुलीला सरकार कसं पडलं ते ठाऊक नसतं; तिला रांगेत कुणाचा हात सुटला ते आठवतं, लिफ्टमधला आरसा आठवतो.

दुसरं काम म्हणजे आठवण झिजवणं. हे काम हाताने करावं, अंदाजाने नाही. कागदावर एक साधी, कोरडी तांत्रिक सूचना लिहावी आणि ती चार वेळा, दर खेपेला एक पिढी पुढे, अशी पुन्हा लिहावी. काय गळतं याचा क्रम साधारण ठरलेला असतो. आकडे आधी बिघडतात. अकरा दिवसांचे सात होतात, चाळीस वर्षांची बारा. मग माणसं एकमेकांत विरघळतात. तीन इंजिनिअरांचा एक ऋषी होतो. मग यंत्राचा प्राणी होतो, कारण प्राण्याला राग येतो, भूक लागते आणि मुलांना ते समजतं. सगळ्यात शेवटी घटनेचं कारण जाऊन तिथे कुणाचं तरी भांडण किंवा पाप येतं. अमेरिकेतल्या ओरेगनमधला माझामा पर्वत सुमारे सात हजार सातशे वर्षांपूर्वी फुटून कोसळला आणि तिथे आजचं क्रेटर लेक हे सरोवर झालं. तिथल्या मूळच्या क्लॅमथ लोकांच्या कथेत ती पाताळातला ल्लाओ आणि आकाशातला स्केल यांची लढाई आहे. कारण पार बदललं, जागा मात्र तीच. जागा सहसा शेवटपर्यंत टिकते, कारण लोक रोज तिच्यावरून ये-जा करतात. जपानच्या इवाते प्रांतात आनेयोशी नावाच्या वस्तीत १९३३च्या त्सुनामीनंतर एक दगड उभारला गेला: याच्या खाली घरं बांधू नका. २०११ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली. तेव्हा हस्तलिखितात भूगोल आधी पक्का करा. देवांची वंशावळ नंतर केली तरी चालते.

हे उलट्या बाजूनेही झालेलं आहे, म्हणजे धोका आधी आणि पुराण ठरवून मागाहून. अणुकचरा पुरलेल्या जागेची सूचना दहा हजार वर्षं कशी टिकवायची, या प्रश्नावर अमेरिकेत गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून गंभीर काम झालं. थॉमस सेबिऑक या चिन्हशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये चक्क एक ‘अणु-पुरोहितवर्ग’ सुचवला: खरं काय ते मोजक्यांना ठाऊक, बाकीच्यांसाठी विधी आणि भीती. त्याच सुमारास फ्रांस्वाज बास्तीद आणि पाओलो फाब्री यांनी किरणोत्सर्ग जाणवला की रंग बदलणाऱ्या मांजरांची कल्पना मांडली. जोडीला गाणी आणि म्हणी, की मांजराचा रंग बदलला की तिथून निघा. प्रलयोत्तर फँटसी लिहिणाऱ्याला यापेक्षा आयतं साहित्य मिळणार नाही. पण त्यातली मेख बघा. पुरोहितवर्ग हजार वर्षं टिकला, तर तो त्या जागेचा पहारेकरी राहील की मालक होईल? सोळा वर्षांची नायिका नेमकी त्या प्रश्नाच्या दारात उभी करता येते.

एक उदाहरण जवळून करून पाहू. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त: डोंगरावर पसरलेला अही, म्हणजे वृत्र, पाणी अडवून पडलाय; इंद्र त्याला मारतो आणि हंबरणाऱ्या गायींसारखं पाणी समुद्राकडे धावतं. आता नव्वद वर्षांपूर्वी सोडून दिलेलं एक धरण घ्या. खाली एक वस्ती, वर एक. वरच्या वस्तीतले लोक स्वतःला नागाचे सेवक म्हणवतात. दर अमावास्येला ते नागाच्या ‘मणक्यांना’ चरबी चोळतात. खालच्या वस्तीत इंद्राची गाणी आहेत: एक दिवस कुणीतरी येईल आणि सापाला फोडून पाणी मोकळं करील. दोघांकडे अर्धं अर्धं खरं आहे. मणके म्हणजे दरवाजा उचलायचे दाते आणि दांडी. चरबी म्हणजे ग्रीस.

इथे तपशील चुकला की सगळं पडतं. मोठे वक्र दरवाजे पोलादी दोरांवर आणि विजेच्या मोटरवर चालतात. नव्वद वर्षांत ते दोर गंजून तुटणार, चरबी कितीही चोळा. पण कालव्याकडे जाणारा एखादा छोटा दरवाजा जाड स्क्रूच्या दांडीवर हाताने फिरणारा असतो. तो निगा राखली तर जिवंत राहू शकतो. तेव्हा मोठे दरवाजे मेलेले आणि एक लहान दरवाजा चालू, अशीच मांडणी ठेवा. धरण मातीचं आहे की काँक्रीटचं, हेही आधी ठरवा. काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेलं तरी ती बहुधा उभी राहते. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागलं की ते काही तासांत कापलं जाऊ शकतं. त्यात झाडांची मुळं आणि उंदीर-घुशींची बिळं यांमुळे मातीच्या धरणात पाझर वाढत जातो, आणि तो पाझर गढूळ दिसू लागला तर आतून माती वाहून चालली आहे असं समजायचं. पाझराचं स्वच्छ पाणी गढूळ होणं ही खूण सेवकांच्या गाण्यात असू द्या. ‘नाग रडतो तेव्हा त्याचे अश्रू बघा’ अशा काही शब्दांत. वाचकाला ती आधी काव्य वाटेल. वाटू दे.

आता खरी कळ. गाणं सांगतं, पहिल्या मोठ्या पावसानंतर सात दिवसांनी नागाला जागं करा. नव्वद वर्षांपूर्वी ते बरोबर होतं. पण एवढ्या काळात जलाशयात गाळ साचलाय, साठवण कमी झालीय, आणि तेवढंच पाणी आता चार दिवसांत काठाला येतं. आज्ञा शब्दशः पाळली तर धरण जातं. आज्ञा मोडायची तर ती का होती हे कळलं पाहिजे. म्हणजे धरणातल्या पाणपातळीच्या पट्टीवरचे अर्धवट पुसलेले आकडे, ते काय मोजतात, आणि गाळाने काय बदललं. नायिकेचं सगळं साहस या एका कारणापर्यंत पोचायला असेल, तर मधल्या प्रत्येक प्रकरणाला काम मिळतं. ‘निवडलेली’ असण्याची तिला गरजच उरत नाही.

ती फिरते कशी, हा पुढचा प्रश्न, आणि यावर हस्तलिखितं सर्रास घसरतात. नायक-नायिका भटकत असतात आणि वस्तीत कुणी विचारत नाही की शेतावर कोण आहे. थोडं गणित करा. एका माणसाला वर्षाला सुमारे दोनशे किलो धान्य धरलं, तर तीनशे माणसांना साठ टन. रासायनिक खत नाही आणि हुकमी पाणी नाही, तर हेक्टरी एक टन उतारा म्हणजे बरा. त्यातून शंभरेक किलो बियाणाला काढा, पंधरा टक्के उंदीर, कीड आणि बुरशीला द्या. हेक्टरी साडेसातशे किलो हाती लागतात. म्हणजे ऐंशी हेक्टर पेरलेली जमीन हवी, आणि आलटून पालटून पडीक ठेवायची तर त्याच्या दुप्पट. हे सगळं माणसांच्या आणि जनावरांच्या बळावर. अशा वस्तीत सोळा वर्षांचं धडधाकट पोर भटकायला कुणी सोडत नाही. त्याला निघायचं कारण वस्तीनेच दिलं पाहिजे.

माझ्या मते सगळ्यात चोख कारण मीठ. दिवसाला पाच ग्रॅम धरलं तर माणशी वर्षाला दोन किलोच्या आत. तीनशे माणसांना साडेपाचशे किलो, आणि जनावरांचं व खारवण्याचं धरलं तर टनाच्या घरात. गाढवावर पन्नास-साठ किलो लादता येतं, म्हणजे अठरा-वीस गाढवं. लादलेलं गाढव रोज वीस किलोमीटर चालतं असं धरा. समुद्र दोनशे किलोमीटरवर असेल तर जायला दहा दिवस, यायला दहा, मधे मीठ मिळेपर्यंत आठवडा. जाताना गाढवं रिकामी नसतात. देवाणघेवाणीचा माल असतो. मीठवाल्यांना प्रत्येक वस्तीची गाणी माहीत असतात, कारण रात्री ते तिथेच मुक्काम करतात. सेवकांचं गाणं आणि इंद्राचं गाणं एकाच डोक्यात असणारी व्यक्ती गावात दुसरी कोण असणार? वाटेत पाऊस आला तर मिठाचं काय होतं, पोतं ओलं होऊन गाढवाची पाठ कशी सोलवटते, हे एकदा सविस्तर लिहा. तेवढ्याने वाचक त्या जगावर विश्वास ठेवतो. मग पुढे नाग बोलला तरी त्याची हरकत नसते.

जुन्या जगातलं काय उरतं यावरही नेमकं असावं. पेट्रोल सहा महिने ते वर्षभरात बिघडू लागतं. नव्वद वर्षांनी मोटारसायकल चालवणारा डाकू म्हणजे लेखकाने डोळ्यांवर कातडं ओढल्याची खूण. गाडीच्या बॅटऱ्या काही वर्षांत जातात. सौर पॅनेल मात्र वर्षाला साधारण अर्धा टक्का क्षमता गमावतं, म्हणून काच न फुटलेलं एखादं पॅनेल भर उन्हात अजून थोडी वीज देतं. साठवायला काही नाही. दिवसा आहे, रात्री नाही. या एका वस्तूभोवती सूर्योपासनेचा एक पंथ बेमालूम उभा राहतो. काच टिकते, टायर तडकतात, काडेपेटी दमट होते, चष्म्याची भिंगं पिढ्यान् पिढ्या वापरता येतात आणि कुणाला कुठला नंबर लागेल हे नशिबावर असतं. बियाणांचं मात्र नीट समजून घ्या: घरगुती हवेत ठेवलेल्या बऱ्याच बिया दहा वर्षांच्या आतच उगवेनाशा होतात. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातल्या कथेत यिमा राजाला मारक हिवाळ्याआधी ‘वर’ नावाचं आवार बांधून त्यात माणसं, जनावरं आणि झाडांची उत्तमोत्तम बीजं ठेवायला सांगितलं जातं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं बीजभांडार २००८ साली उघडलं, आणि त्यातून पहिली मागणी २०१५ साली आली ती सीरियातल्या युद्धामुळे आलेप्पोजवळची बीजपेढी वापरता येईना म्हणून. ही जोडी समोरासमोर ठेवली की एक प्रश्न आपोआप पडतो: आवाराचं दार आतून कुणी उघडायचं, आणि केव्हा?

शक्तींबद्दल. प्रलयानंतरच्या जगात जादू वाढत गेलेली दाखवण्याचा मोह असतो. महाभारतातलं मौसलपर्व उलट करतं, आणि ते जास्त भेदक आहे. द्वारकेतल्या स्त्रिया, मुलं, म्हाताऱ्यांना घेऊन अर्जुन निघतो. मागे समुद्र शहर गिळतो. पंचनदात काठ्या घेतलेले लुटारू तांड्यावर तुटून पडतात. गांडीवाची दोरी चढवताना अर्जुनाला कष्ट पडतात, अस्त्रं आठवत नाहीत, कधी न सरणारे भाते सरतात. समोर कुठला असुर नाही, काठ्याच आहेत. शक्ती अशी आटत जायला हवी, आणि तिचा हिशेब पानोपानी लागला पाहिजे. त्याच पर्वात आणखी एक ठेवा आहे. शापातून जन्मलेलं मुसळ राजा दळून समुद्रात टाकायला लावतो. आणि शेवटी यादवांच्या मुठीत किनाऱ्यावरचं गवत मुसळ होऊन येतं. घातक वस्तू बारीक करून समुद्रात टाकली की संपते, या समजुतीवर याहून नेमकी कथा सुचणार नाही. आजच्या वाचकाला त्यातलं काय आजचं आहे हे सांगत बसू नका. किनारा दाखवा, गवत दाखवा, आणि ते कुणी उपटायचं नाही हा नियम दाखवा.

नायक लहान आणि जाणकार मोठे, मग त्यांनी त्याचं ऐकावं का? याचं उत्तर बहुतेक लेखक मोठ्यांना मारून टाकून देतात. साथीत वीस वर्षांवरचे सगळे गेले, संपलं. सोपं आहे, पण मग भांडायला कुणी उरत नाही. शल्यपर्वात सारस्वताची गोष्ट आहे, ती या प्रकाराची बीजकथाच म्हणावी. बारा वर्षं पाऊस नाही. ऋषी अन्नासाठी चहूकडे पांगतात. दधीचीचा मुलगा सारस्वतही निघतो, तेव्हा आई सरस्वती नदी म्हणते, जाऊ नको, तुला रोज मासे देईन. तो राहतो, मासे खातो, वेद म्हणत राहतो. दुष्काळ सरतो तेव्हा भुकेने वणवण केलेले ऋषी वेद विसरलेले असतात. ते त्याच्याकडे येतात, तो म्हणतो आधी शिष्य व्हा; ते म्हणतात, बाळ, तू तर लहान आहेस. त्यावर त्याचं उत्तर, की मोठेपण वयाने, पिकल्या केसांनी, पैशाने किंवा गणगोताने ठरत नाही, जो शिकून सांगू शकतो तो आमच्यात मोठा. साठ हजार ऋषी त्याचे शिष्य होतात. त्यात फार व्यवहारी गोष्ट दडलीय. सारस्वताला आठवलं, कारण तो जेवला. प्रलयानंतर ज्ञान कुणाकडे राहील हे बुद्धीपेक्षा अन्नाच्या वाटपावर ठरेल, आणि ज्यांना उपाशी ठेवलं त्यांनाच पुढे अज्ञानी म्हणून हिणवलं जाईल. हा अन्याय कथेत आला नाही, तर पुराण वापरणाऱ्याने पुराण नीट वाचलेलं नाही असं मी म्हणेन.

चुका आणखीही असतात. एकास एक जोड्या लावू नयेत. तिसऱ्या प्रकरणात कर्ण कोण हे ओळखू आलं की वाचक शेवटापर्यंतचा रस्ता पाठ म्हणतो. मुलांना गटांत वाटणारा समारंभ आता पुरे. भविष्यवाणी ठेवायचीच असेल तर ती झिजलेली सूचना असू द्या, म्हणजे ती खरी ठरण्यात चमत्कार लागत नाही. आणि ज्या पुराणाला आज कुणी मनोभावे भजतं त्याच्या बाबतीत ‘सगळं यंत्रच होतं’ असा शेवट करू नये. तो उद्धट तर असतोच, शिवाय कथेच्या दृष्टीने आळशीही. चरबी चोळणारी म्हातारी दात्यांना ग्रीस लावत होती हे खरं. ती प्रार्थना करत होती हेही खरं.

शेवटच्या प्रकरणात सिंहासन उलथू नका. दरवाजा उघडतो, पाणी सुटतं, खालच्या वस्तीची नदीकाठची वीस हेक्टर उभी पिकं जातात. म्हणजे पंधरा टन धान्य, पंचाहत्तर माणसांचं वर्ष. ते कुणाच्या कोठारातून भरून काढायचं, याची बैठक लिहा. दोन्ही वस्त्यांचे लोक एका जागी, आवाज चढलेले, आणि नायिकेला बोलायची परवानगी आहे की नाही इथपासून वाद. मग खर्डा पंधरा-सोळा वर्षांच्या चार-पाच वाचकांना द्यावा. आवडलं का असं विचारू नये, ते भिडेपोटी हो म्हणतात. प्रत्येक प्रकरणाशेवटी दोन रिकाम्या ओळी सोडाव्यात आणि पुढे काय होणार असं वाटतं, एवढंच तिथे लिहायला सांगावं. सगळ्यांनी बरोबर लिहिलेली प्रकरणं पुन्हा लिहायची. कुणालाच काही सुचलं नाही अशी जी असतील, ती त्याआधी.